वारा कोणाच्या खात्यावर?

कोकणात वाऱ्यांना नावं आहेत. दिवसा समुद्राकडून येतो तो खारा आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलय. भूगोलाच्या पुस्तकात त्यालाच मतलई वारा म्हणतात. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलयीवर माणसं बाहेर पडायची आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायची. या येण्याजाण्याचं बिल कुणी कुणाला पाठवत नसे. शीड फाटलं तर ते शिवायचा खर्च, एवढाच काय तो वाऱ्याचा खर्च. आता मात्र त्याच वाऱ्याला भाव आला आहे. भाव आला की हिशेब येतो, आणि हिशेब आला की भांडण येतं. त्या भांडणाविषयी आज थोडं बोलायचं आहे.

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी रुपये एक हजार मेगावॅटच्या पवनचक्क्या समुद्रात उभ्या करण्यासाठी. ५०० मेगावॅट गुजरातसमोर आणि ५०० तमिळनाडूसमोर. उरलेले ६०० कोटी दोन बंदरं या कामासाठी सुधारायला. योजनेचं सरकारी नाव मोठं आहे, 'व्यवहार्यता तफावत निधी'. बँकेतल्या भाषेत सांगायचं तर धंदा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, म्हणून जेवढं कमी पडतं तेवढं सरकार घालणार. समुद्रातली वीज महाग पडते, वीज मंडळं तेवढा भाव द्यायला तयार नाहीत, आणि या दोन भावांमधली फट सरकारने बुजवायची.

याला विरोध करणारे विचारतात, जमिनीवर सौर वीज युनिटला अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना समुद्रात पैसे ओतायचे कशाला? बाजूचे म्हणतात, सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घरोघरचे दिवे, पंखे, मिक्सर तेव्हाच सुरू होतात. समुद्रावरचा वारा रात्रीही वाहतो, जमिनीवरच्यापेक्षा जास्त आणि एकसारखा वाहतो. शिवाय जमीन संपादनाची कटकट नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या की निवाडा करणं अवघड होतं, हे घरात सासू-सुनांमध्ये बसून ऐकलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं.

मी राहतो ते तळेरे समुद्रापासून तसं आत आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. इथून एक रस्ता विजयदुर्गला जातो आणि दुसरा वैभववाडी, गगनबावड्यावरून कोल्हापूरला. त्यामुळे किनाऱ्यावरची बातमी आणि घाटावरची बातमी, दोन्ही आमच्या नाक्यावर चहाला थांबतात. दिल्लीच्या त्या निर्णयाची चर्चा इथेही झाली. एकाने विचारलं, "वारो आमचो, दर्या आमचो, आणि वीज खंय जातली?" त्याला सांगितलं की बाबा रे, अजून आपल्या दर्यात काहीच येत नाही, पहिली पाळी गुजरात आणि तमिळनाडूची आहे. तो हसला आणि म्हणाला, "येतला तेव्हा आमका इचारूक कोण येतलो?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण तोच प्रश्न या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं.

खरं तर वाऱ्यापासून वीज ही गोष्ट सिंधुदुर्गाला नवी नाही. १९८६ साली देशात पहिली प्रात्यक्षिक पवनक्षेत्रं उभी राहिली ती गुजरातच्या ओख्याला, तमिळनाडूत आणि आपल्या किनाऱ्यावर. देवगडच्या कड्यावरच्या पवनचक्क्या त्याच पिढीतल्या. मी त्या वेळी देवगड तालुक्यातल्या एका शाखेत नोकरीला होतो. रविवारी लोक बायकामुलांना घेऊन ती पाती फिरताना बघायला जायचे. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने तेव्हा मला सुनावलेलं वाक्य अजून लक्षात आहे. "सायबानू, ही फिरता खरी, पण आमच्या घरातली लाईट जाता ती जाताच." पुढे विजयदुर्गाजवळ गिर्ये परिसरातही चक्क्या आल्या. देवगडला आता पवनचक्कीच्या नावाने बाग आहे आणि पर्यटक तिथे सूर्यास्ताचे फोटो काढतात.

त्या काळची चक्की साधारण ५५ किलोवॅटची. आज समुद्रासाठी जी यंत्रं बनतात त्यातलं एकेक १५ मेगावॅटचं असतं, म्हणजे तसल्या पावणेतीनशे चक्क्यांच्या बरोबरीचं. त्याच्या पात्यांनी आखलेल्या वर्तुळाचा व्यास २३६ मीटर. कुतुबमिनार ७२ मीटरचा आहे, तेव्हा तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी ते वर्तुळ पुरं होत नाही. एवढं मोठं करायचं कारण साधं आहे. पाती जेवढी लांब तेवढा जास्त वारा हाती लागतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. समुद्रात वाऱ्याला अडवायला डोंगर नाही, झाड नाही, घर नाही. म्हणून लोक समुद्रात जातात. पण तिथे तळात खांब रोवायचा, खास जहाजं आणायची, पाण्याखालून केबल ओढायची आणि खाऱ्या हवेत पंचवीस वर्षं ते लोखंड जपायचं. वारा फुकट असला तरी त्याला पकडायचा खर्च फुकट नाही.

आपल्याकडचा आणखी एक पेच आहे. कोकणासमोर वारा खरा उधाणतो तो पावसाळ्यात. त्याच दिवसांत मासेमारीला बंदी असते, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. चक्क्यांना हे दिवस सुगीचे. पण पावसाळ्यात शेतीचे पंप बंद असतात, धरणं भरू लागलेली असतात, आणि राज्याला विजेची तहान लागते ती मार्च, एप्रिल, मे महिन्यांत. शिवाय दुरुस्तीसाठी कुणाला खांबावर चढायचं असेल तर जुलैतल्या लाटा त्याला चढू देणार नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा इथल्या गावागावात विजेचे खांब आडवे झाले. त्याच वादळात मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरच्या कामगारांचे जीव गेले. समुद्रातल्या विजेचा भाव काढताना ही जोखीमही धरावी लागते.

मग सरकारने यात पडूच नये का? असं म्हणणं मला पटत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईसमोरच्या समुद्रात तेल लागलं. 'सागर सम्राट' हे जहाज आणि तो सगळा खटाटोप सरकारी पैशांचा होता. समुद्रात भोक पाडून कोरडं निघालं असतं तर तो पैसा बुडाला असता. ती जोखीम घ्यायला तेव्हा देशात दुसरं कोण पुढे येणार होतं? समुद्रातला जगातला पहिला पवनप्रकल्प डेन्मार्कमध्ये व्हिंडेबी इथे १९९१ साली झाला. अकरा चक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम पाच मेगावॅट. तोही बाजाराच्या हिशेबात बसणारा नव्हता. २०१७ साली तो उतरवला तोवर त्याच्या अनुभवावर पुढे मोठा उद्योग उभा राहिला होता. पहिल्या माणसाला वाट पाडण्याचा खर्च येतो, मागून येणारे त्या वाटेने फुकट चालतात. म्हणून वाट पाडणाऱ्याला गावाने मदत करावी, यात गैर काही नाही.

प्रश्न मदत द्यावी की न द्यावी हा नाहीच. ती कधी द्यावी, हा आहे. खांब उभा राहिल्यावर द्यायची की वीज आल्यावर? हा फरक वरवर हिशेबनिसाचा वाटतो. पण माझी उमेदीची वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये गेली आणि या एका फरकाने गावंच्या गावं कशी वेगळी होतात हे मी जवळून पाहिलं आहे.

१९८०च्या दशकात बँकेत नोकरी केलेल्या माणसाला अनुदान म्हटलं की म्हैस आठवते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम म्हणून केंद्राची योजना होती. गरीब कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र असं काहीतरी उत्पन्नाचं साधन घेऊन द्यायचं. अल्पभूधारकाला पाव हिस्सा अनुदान, अत्यल्पभूधारकाला आणि मजुराला एक तृतीयांश, आदिवासीला निम्मं. बाकीचं बँकेचं कर्ज. हेतू सोन्यासारखा. पण अनुदान मिळायचं ते म्हैस दाखवल्यावर. दूध दाखवायची अट कुठेच नव्हती. मग काय होणार? म्हशी दाखवल्या गेल्या. एकच म्हैस तीन वाड्यांमध्ये तीन घरच्या गोठ्यात उभी राहिल्याच्या गोष्टी त्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण शाखेत ऐकायला मिळत. कानातला विम्याचा बिल्ला एवढाच काय तो बदलायचा. ज्यांनी खरोखर म्हैस पाळली आणि मुलं शिकवली अशी घरंही मी पाहिली. पण ती त्या माणसांच्या कष्टांमुळे उभी राहिली. योजनेच्या अटीत त्याला भाग पाडणारं काही नव्हतं.

त्याच्या उलट दुसरी गोष्ट. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. आज तळेऱ्याहून कुठल्याही बाजूला जा, सड्यावर आणि डोंगरउतारावर काजू आणि हापूसच्या बागा दिसतात, त्यातल्या कितीतरी त्या योजनेतल्या. ही योजना का जमली? पैसे एकदम मिळत नसत. तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळत, आणि पुढचा हप्ता झाडं किती जगली यावर. कृषी खात्याचा माणूस येऊन झाडं मोजायचा. मग आमचा शेतकरी मार्च-एप्रिलमध्ये कावडीने पाणी घालून कलम जगवायचा. खड्डा खणला म्हणून पैसे मिळाले असते तर कोकणात नुसते खड्डे झाले असते. २०१८ साली आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतही हेच सूत्र आहे. पन्नास, तीस आणि वीस टक्के असे तीन हप्ते, आणि नंतरचे हप्ते झाडांच्या जगण्यावर.

आता म्हैस आणि कलम ही दोन चित्रं डोळ्यांसमोर ठेवून पवनचक्क्यांचा इतिहास बघा. १९९०च्या दशकात चक्की घेणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा. घसारा म्हणजे यंत्र झिजतं त्याबद्दल नफ्यातून वजा करायची रक्कम. पूर्ण किंमत एका वर्षात वजा करता आली की त्या वर्षीचा कर वाचतो. त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही अशा नफ्यातल्या कंपन्यांनी मार्चअखेर गाठून चक्क्या उभ्या केल्या. तमिळनाडूत त्या मोठ्या संख्येने लागल्या आणि बऱ्याच अपेक्षेएवढी वीज देईनात. १९९६ साली किमान पर्यायी कर आला, कर वाचवण्यातली गोडी कमी झाली आणि चक्क्यांची मागणीही ओसरली. महाराष्ट्रात १९९८च्या धोरणाने विक्रीकरात सवलत दिली आणि दोन-तीन वर्षांत साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पात्यांचं रान उभं राहिलं. कर वाचला की मालकाचा अर्धा हेतू साध्य झालेला. पुढे चक्की किती फिरते याची काळजी त्याने का करावी? ही दाखवायची म्हैस झाली.

सरकारला हे कळलं नाही असं नाही. २००९ साली केंद्राने दुसरी वाट काढली, तयार झालेल्या दर युनिटमागे ५० पैसे. चक्की फिरली तर पैसे, नाही तर नाही. हे कलमाचं अनुदान. पण २०१२ साली घसाऱ्याची वाढीव सवलतही गेली आणि हे ५० पैसेही थांबले. परिणाम असा की २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट चक्क्या लागल्या होत्या, त्या पुढच्या वर्षी सुमारे १,७०० वर आल्या. मग २०१३ साली युनिटमागचे पैसे परत आले, २०१४ साली घसारा परत आला, २०१७ साली तो ४० टक्क्यांवर आणला. घरातल्या मुलाला कधी खाऊ, कधी धपाटा असं चाललं की ते बिचारं गोंधळून जातं. उद्योगाचंही तसंच आहे. मदत किती, याहून ती किती वर्षं आणि कशी कमी होत जाणार हे आधी ठाऊक असणं त्याला जास्त गरजेचं असतं.

तिसरा प्रकार कोकणाने फारच महागात पाहिला. दाभोळचा वीज प्रकल्प. तिथे अनुदान नव्हतं, हमी होती. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. करार असा की मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचं भाडं द्यायचंच. नाफ्था महागला, डॉलर चढला, वीज कमी उचलली गेली तसा युनिटचा भाव काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये वीज घेणं थांबलं आणि डिसेंबरात मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली. हमीचा कागद सही करताना कुणाच्याच खिशातून काही जात नाही, म्हणून तो सोपा वाटतो. जामीन राहणाऱ्याचं काय होतं हे बँकेत काम केलेल्या कुणालाही विचारा.

आता त्या ६,८५३ कोटींकडे परत येऊ. माणूस निवृत्त झाला तरी हातातली पेन्सिल निवृत्त होत नाही. सरकारी अंदाज असा आहे की हे एक हजार मेगावॅट वर्षाला ३७२ कोटी युनिट वीज देतील आणि पंचवीस वर्षं देतील. म्हणजे ९,३०० कोटी युनिट. भागाकार केला तर मदत युनिटला ७४ पैसे पडते. फार वाटत नाही. पण पैसा आधी जातो आणि वीज पंचवीस वर्षांत थोडी थोडी येते. आठ टक्के व्याज धरलं तर तीच मदत पावणेदोन रुपयांच्या घरात जाते. अंदाजाइतका वारा लागला नाही तर आणखी वर. आणि हे फक्त सरकारने घालायचे पैसे. विजेची किंमत वीज मंडळ, म्हणजे तुम्ही-आम्ही, वेगळी मोजणार.

एवढं देऊ करूनही गुजरातच्या ५०० मेगावॅटसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेली निविदा २०२५ साली रद्द करावी लागली. हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. ब्रिटनने २०२३ च्या लिलावात भावाची मर्यादा कमी ठेवली तेव्हा समुद्रातल्या चक्क्यांसाठी एकही कंपनी पुढे आली नाही. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवली तेव्हा आल्या. ज्या डेन्मार्कने जगाला हे शिकवलं त्यानेच डिसेंबर २०२४ मध्ये अनुदानाशिवाय समुद्र लिलावाला काढला, आणि बोली लागली नाही. पुढच्याच वर्षी त्याने पुन्हा मदत देऊ केली. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांनी पदावर बसल्या दिवशीच समुद्रातल्या पवनऊर्जेचे नवे भाडेपट्टे थांबवले. पोलाद महागलं, व्याजदर चढले आणि समुद्रात जाणारी कामं सगळ्यात आधी अडखळली.

ब्रिटनच्या पद्धतीत मात्र घेण्यासारखं काही आहे. तिथे सरकार आणि कंपनी मिळून युनिटचा एक भाव ठरवतात. बाजारभाव त्याच्या खाली गेला तर कंपनीला फरक मिळतो, वर गेला तर तिने फरक परत करायचा. म्हणजे पडत्या काळात आधार, आणि चढत्या काळात आधार देणाऱ्याला परतफेड. चक्की फिरली नाही तर या हिशेबाचा प्रश्नच येत नाही. आपल्या बागायतदाराला ही पद्धत चटकन समजेल. पेटी दोन हजारांना विकली गेली तर तुझी, पाचशेवर आली तर माझी, असं म्हणणारा दलाल मात्र अजून त्याला भेटायचा आहे.

याच्या विरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो मी कर्ज देणारा म्हणून जाणतो. युनिटमागे पैसे देण्याचं वचन कितीही चांगलं असलं तरी खांब रोवायच्या दिवशी हातात रोख लागते. आपल्याकडच्या वीज वितरण कंपन्या पैसे थकवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, मग अशा वचनावर बँक कर्ज देईल का? म्हणून पहिल्या एक-दोन प्रकल्पांना सुरुवातीला काही रक्कम द्यावी लागेल हे मान्य केलं पाहिजे. पण फळबागेच्या चालीने द्या. पहिला हप्ता उभारणीला, आणि मोठा वाटा मीटरवरचं युनिट बघून. वर्ष संपलं की किती वीज आली हे कुणालाही वाचता येईल असं जाहीर करा. देवगडच्या चक्क्या प्रात्यक्षिकासाठीच लावलेल्या होत्या. मग त्यांनी वर्षावर्षाला काय दिलं, हे त्या सड्यावर एका फळ्यावर खडूने लिहिलं असतं तरी आमच्या पिढीला विजेचं अर्थशास्त्र फुकट शिकता आलं असतं.

आणि शेवटी चहावरचा तो प्रश्न. आमका इचारूक कोण येतलो?

समुद्राला सातबारा नाही. म्हणून समुद्रात प्रकल्प सोपा, असं शहरात बसून वाटतं. पण ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याच्या मनात त्या पाण्याची बारीक आखणी असते. कुठे कोळंबी, कुठे पापलेट, कुठल्या खडकाजवळ जाळं फाटतं. तेलाच्या फलाटांभोवती पाचशे मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. चक्क्यांना तोच नियम लावला तर शेकडो खांबांमुळे केवढा समुद्र बंद होईल? बेल्जियमने पवनक्षेत्रात मासेमारीला मनाई केली, ब्रिटनने तशी सरसकट बंदी घातली नाही. म्हणजे हा निसर्गाचा नियम नव्हे, माणसांनी ठरवायची गोष्ट आहे. आधीच पर्ससीनवाले आणि रापणवाले यांच्यातला झगडा आमच्या किनाऱ्याने पाहिला आहे आणि २०१६ साली सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले आहेत. जागा कमी झाली की सगळ्यात आधी लहान होडीवाला बाहेर फेकला जातो. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं उथळ पठार आहे. नावात बँक असूनही जिथे मला कधी बदली मिळाली नाही अशी ती एकच जागा. तिथलं वैभव कुठल्या खात्यात धरायचं, हेही आधी ठरायला हवं.

मच्छीमारही सरकारी मदत घेतो, असं कुणी म्हणेल. घेतो. डिझेलवरच्या कराचा परतावा त्याला मिळतो, आणि तो किती उशिरा मिळतो हे तोच जाणे. पण त्यामुळे त्याचा हक्क कमी होत नाही. उलट, समुद्रात पैसे घालायचेच असतील तर तिथे आधीपासून असलेल्या माणसाचं नाव त्याच हिशेबात आलं पाहिजे. बंद झालेल्या पाण्याची भरपाई, दुरुस्तीच्या बोटींवर स्थानिकांना काम, आणि विकलेल्या दर युनिटमागे किनाऱ्यावरच्या गावांसाठी काही पैसे, हे प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरायला हवं. आंदोलन झाल्यावर सुचलेली दया म्हणून नव्हे.

या किनाऱ्यावर विजेचे मोठे प्रस्ताव बरेच आले. दाभोळ आलं. विजयदुर्ग खाडीच्या पलीकडे जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्प ठरला. गिर्ये परिसरात चार हजार मेगावॅटच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची घोषणा झाली आणि लोकांच्या विरोधामुळे ती मागे पडली. प्रत्येक वेळी आराखडा आधी तयार होता आणि गावाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरलं होतं. ज्याला एवढंच म्हणायची मुभा असते तो नाहीच म्हणतो, आणि मग त्याला विकासविरोधी ठरवतात. प्रस्ताव चांगला होता की वाईट हे बाजूलाच राहतं.

समुद्रातल्या वाऱ्याच्या बाबतीत आपल्याला पहिल्यांदा थोडा वेळ मिळाला आहे. गुजरात आणि तमिळनाडूतही अजून सुरुवात अडखळते आहे, आणि आपल्या दर्यात तर एकही खांब नाही. वारा कधीतरी परवडू लागेल आणि मग कुणीतरी नकाशा घेऊन येईल. त्याआधी मच्छीमार सोसायट्यांनी, ग्रामपंचायतींनी, आपल्या कॉलेजांनी बसून आपल्या समुद्राचा हिशेब मांडून ठेवायला काय हरकत आहे? कुठे मासेमारी चालते, कुठे चालत नाही, आपण काय देऊ शकतो, काय नाही, आणि बदल्यात काय मागणार? कर्जाच्या अटी पैसे उचलण्याआधी लिहायच्या असतात. पैसे उचलल्यानंतर सुचलेल्या अटींना बँकेत कुणी विचारत नाही.